कोकणातील घराचा माळा, ओल आणि कौटुंबिक दप्तरे : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :
कोकणातील पारंपरिक घराचा माळा ही धान्य, अवजारे आणि जुने कागद यांच्या साठवणीची जागा होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या माळ्यावरील ओल आणि बुरशी ही अनेक घरांची तक्रार झाली. ही ओल केवळ गळतीची नाही. घरातील बाष्पाला बाहेर पडण्यास मार्ग न उरल्याने थंड छपराच्या आतल्या अंगाला साचणाऱ्या पाण्याचीही ती आहे. छप्पर, चूल आणि वस्ती या तीन घटकांतील बदल आणि त्याच सुमारास मोडी दप्तरांचे माळ्यावर झालेले स्थलांतर यांचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : माळा, ओल, दवबिंदू, मंगलोरी कौल, मोडी, खोती, कौटुंबिक दप्तर.

१. प्रस्तावना :
इतिहासाची साधने कशी नष्ट झाली याची चर्चा करताना आपण सामान्यतः लढाया, आगी आणि महापूर यांचा उल्लेख करतो. दि. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात आलेला पूर किंवा दि. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत झालेली अतिवृष्टी यांची नोंद सर्वत्र आढळते. अशा आपत्तीला तारीख असते, पंचनामा असतो आणि नुकसानीची यादीही असते. ओलीचे तसे नाही. ती दरवर्षी थोडी थोडी येते, कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि जेव्हा लक्षात येते तेव्हा वाचवण्यासारखे फारसे उरलेले नसते.

या विषयाकडे वळण्यास एक घरगुती प्रसंग कारणीभूत झाला. प्रस्तुत लेखकाच्या आजोळच्या घरी माळ्यावर एक लाकडी पेटी होती. तीत मोडी कागदांचे काही रुमाल बांधून ठेवलेले होते. घराची कौले उतरवून जस्ताचे पत्रे घातल्यानंतर काही वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत ती पेटी उघडली, तेव्हा एक रुमाल विटेसारखा अखंड हाती आला. पाने एकमेकांना चिकटली होती आणि कडांना काळी-हिरवी बुरशी धरली होती. घरातील वडीलधाऱ्यांनी विचारलेला प्रश्न असा होता : 'पत्रा तर कोठेही गळत नाही, मग पेटीत पाणी आले कोठून?' त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख होय.

२. उद्दिष्टे व पद्धती :
प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) कोकणातील घराच्या माळ्याची पारंपरिक रचना आणि ओल आवरण्याची तिची पद्धत समजून घेणे.
(२) छप्पर, चूल आणि वस्ती यांतील बदलांचा माळ्यावरील हवेवर झालेला परिणाम तपासणे.
(३) कौटुंबिक कागदपत्रांच्या नाशाशी या बदलांचा असलेला संबंध स्पष्ट करणे.
यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, बाष्प आणि दव यांविषयीच्या शास्त्रीय ज्ञानाचा आधार घेतला आहे. अभ्यासाची व्याप्ती मुख्यतः रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड या जिल्ह्यांपुरती मर्यादित आहे.

३. माळ्याची जुनी रचना :
कोकणच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी साधारणतः २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. अशा प्रदेशात घर बांधणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. पावसाचे पाणी बाहेर ठेवणे हा पहिला आणि आतला दमटपणा बाहेर घालवणे हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याचे उत्तर घराच्या रचनेतच असल्याने त्याची वेगळी चर्चा करण्याची गरज पूर्वी कोणाला भासली नसावी.

जुन्या घराचे छप्पर उतरते असे. गरिबाघरी गवत, भाताचा पेंढा किंवा माडाच्या विणलेल्या झावळ्या असत, तर ऐपतदाराच्या घरावर कुंभाराने घडवलेली नळीची कौले असत. आढे, वासे आणि रिपा यांच्या सांगाड्यावर ही कौले नुसती रचून ठेवलेली असत. दोन कौलांमध्ये अर्थातच फटी राहत. माजघर आणि स्वयंपाकघर यांवर लाकडी फळ्यांचा किंवा बांबूचा माळा घातलेला असे. तेथे भाताचे बियाणे, नारळ, आमसुले, इरली, नांगराचे सुटे भाग आणि पावसाळ्याची बेगमी ठेवली जाई.

माळ्याखाली चूल असे. पावसाळ्यात ती जवळजवळ दिवसभर धुमसत राही. तिचा धूर फळ्यांच्या फटींतून वर जाई, माळ्यावर रेंगाळे आणि कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडे. पहाटे दुरून पाहिले असता घराचे सारे छप्पर धुरकटलेले दिसे. या धुरामुळे तीन गोष्टी घडत. पहिली म्हणजे, उबदार हवेचा प्रवाह सतत वर जात असल्याने बाष्प माळ्यावर साठून राहत नसे. दुसरी, छपराची आतली बाजू बाहेरच्या हवेपेक्षा किंचित उबदार राही. तिसरी, धुरातील द्रव्यांचा थर लाकडावर बसून कीड आणि बुरशी यांना काही प्रमाणात अटकाव होई. जुन्या वाशांचा काळा, तुकतुकीत रंग हा या थराचाच आहे.

यास वार्षिक शाकारणीची जोड होती. वैशाखात नळीची कौले उतरवून, फुटकी वगळून, पुन्हा रचली जात. त्या निमित्ताने वर्षातून एकदा सारा माळा उघडा पडे आणि त्यास कडक ऊन लागे. पाऊस सरल्यावर आश्विनातल्या उन्हात धान्य, अंथरुणे आणि पोथ्या वाळवण्याची रीतही होती. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक वाचकाला तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ग्रंथ राखण्याची विनंती करीत, हे अभ्यासकांना परिचित आहेच.

या रचनेचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. नळीची कौले वानरांच्या उड्यांनी व वाऱ्याने सरकत आणि घर गळे. माळ्यावरील धान्यामुळे उंदरांचा सुळसुळाट असे. इ.स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा अंधाऱ्या व दमट खोल्यांत ऊन आणि हवा यावी म्हणून काही घरांची कौलेच उतरवण्यात आली. रोगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, ही गोष्ट त्यानंतर पुढे आली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो धूर माळा कोरडा ठेवीत होता तोच धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत जात होता. माळ्याच्या कोरडेपणाची किंमत घरातील स्त्रिया मोजीत होत्या, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.

४. छपरातील बदल :
कोकणच्या छपरात पहिला मोठा बदल मंगलोरी कौलांनी घडवला. एकमेकांत अडकणाऱ्या यांत्रिक कौलांची कल्पना युरोपातील असून, आल्सास प्रांतातील गिलार्डोनी बंधूंनी इ.स. १८४१ मध्ये तिचे एकस्व घेतले होते. इ.स. १८६० च्या दशकात बासेल मिशनने मंगळूर येथे अशा कौलांचे उत्पादन सुरू केले. नेत्रावती नदीकाठची चिकणमाती आणि समुद्रमार्गे स्वस्त वाहतूक या दोन गोष्टींमुळे ही कौले पश्चिम किनाऱ्यावर वेगाने पसरली. ती एकसारख्या आकाराची, खाचांत घट्ट बसणारी आणि दरवर्षी परतण्याची गरज नसलेली होती. त्यामुळे गळती कमी झाली आणि शाकारणीचा खर्चही वाचला. परंतु वर्षातून एकदा माळा उघडण्याचा प्रसंगही त्याबरोबर गेला. तरीही हे कौल भाजलेल्या मातीचे, म्हणजे सच्छिद्र असते. ते थोडी ओल शोषून घेते आणि ऊन पडताच सोडून देते. शिवाय त्याच्या सांध्यांतून हवा खेळत राहते. म्हणून मंगलोरी कौलांच्या घरात माळ्यावरील हवेची जुनी व्यवस्था क्षीण झाली तरी मोडली नाही.

ती मोडली पत्र्याने. पन्हळी लोखंडी पत्र्याचे एकस्व हेन्री रॉबिन्सन पामर या अभियंत्याने इ.स. १८२९ मध्ये लंडन येथे घेतले. इ.स. १८३७ मध्ये फ्रान्समधील स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर जस्ताचा थर देण्याच्या प्रक्रियेचे एकस्व घेतले. या दोहोंच्या संयोगातून गंजास तोंड देणारे, हलके आणि झटपट बसणारे छप्पर जगभर गेले. भारतात ते प्रथम गोद्या, गुदामे, रेल्वेच्या शेडी आणि छावण्या यांवर आले. राहत्या घरांवर ते पुढे, विशेषतः स्वातंत्र्योत्तर काळात, मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. कौलांसाठी लागणारे लाकूड महाग झाले, कौले परतणारे कारागीर दुर्मीळ झाले आणि मुंबईहून येणाऱ्या पैशातून 'एकदाच खर्च, मग चिंता नाही' असे छप्पर हवेसे झाले. हा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. ज्याच्या घरात रात्रभर भांडी लावून गळती झेलली जाई, त्याला न गळणारा पत्रा हे सुखच होते.

५. पत्र्याला घाम का सुटतो :
पत्र्याच्या घरात राहणारे लोक 'पत्र्याला घाम सुटला' असे म्हणतात. हा शब्दप्रयोग शास्त्रीय दृष्ट्याही बराच अचूक आहे. हवेत बाष्प धरून ठेवण्याची क्षमता तिच्या तापमानावर अवलंबून असते. हवा थंड होत गेली की ही क्षमता घटते आणि एका विशिष्ट तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते. त्या तापमानास दवबिंदू म्हणतात. दव आकाशातून पडत नसून, रात्री उष्णता गमावून थंड झालेल्या वस्तूवर हवेतील बाष्प जमून तयार होते, हे विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने इ.स. १८१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दवविषयक निबंधात प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले.

हाच नियम माळ्याला लावून पाहता येईल. पावसाळ्यात २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत प्रत्येक घनमीटरमागे सुमारे २४.५ ग्रॅम बाष्प असते. पावसाच्या माऱ्याने पत्रा २३ अंशांपर्यंत थंड झाला, तर त्याला लागून असलेली हवा फक्त २०.६ ग्रॅम बाष्प धरू शकते. उरलेले सुमारे ४ ग्रॅम पाणी पत्र्याच्या आतल्या बाजूस थेंबांच्या रूपाने जमते. खालून नवी दमट हवा येत राहिली की ही क्रिया चालूच राहते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्याला आतून-बाहेरून दव सुटते. कौल हे थोडे पाणी शोषून घेते. पत्रा एक थेंबही शोषीत नाही. तो थेंब उतारावरून ओघळतो, रिपेपाशी अडतो आणि तेथून खाली असलेल्या वस्तूवर पडतो. आजोळच्या पेटीत आलेले पाणी बहुधा याच मार्गाने आले होते. पत्रा गळत नव्हता हे खरे होते, परंतु न गळणे म्हणजे कोरडे असणे नव्हे.

काँक्रीटच्या सपाट छपराने हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा केला. स्लॅबच्या घरात स्वयंपाकघरात किंवा मोरीवर काँक्रीटचा पोटमाळा काढतात. त्याची मागची बाजू पावसाच्या झडीने भिजणाऱ्या बाहेरच्या भिंतीस लागून असते आणि पुढची बाजू बहुधा झडपांनी बंद केलेली असते. त्या कोंदट जागेत वारा पोहोचत नाही. कोकणात अनेक ठिकाणी स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड घातलेली दिसते. नव्या छपराला जुन्या उतरत्या छपराची गरज भासल्याची ही एक प्रकारची कबुलीच होय.

६. चुलीतील बदल :
छपराबरोबर चूलही बदलली. स्वयंपाकाचा गॅस भारतात इ.स. १९५० च्या दशकात मुंबईत आला. इ.स. १९६५ मध्ये इंडेनची सुरुवात झाल्यानंतर तो हळूहळू लहान गावांकडे सरकला आणि दि. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो गरीब घरांपर्यंत नेला. स्त्रियांच्या आरोग्याच्या दृष्टीने हा बदल अत्यंत स्वागतार्ह होय. परंतु त्याचा एक परिणाम दुर्लक्षित राहिला. एक किलो गॅस जळताना सुमारे १.६ किलो पाणी बाष्परूपाने तयार होते. म्हणजे १४.२ किलोच्या एका टाकीमागे सुमारे २२ लिटर पाणी घराच्या हवेत मिसळते. भात शिजताना उठणारी वाफ यात धरलेली नाही.

लाकूड जळतानाही बाष्प होतेच. फरक असा की, चुलीचा डोळ्यांना झोंबणारा धूर बाहेर घालवणे भाग होते. म्हणून धुराडे, झरोके आणि फटी घरात राखल्या जात. गॅसचे बाष्प डोळ्यांना झोंबत नाही आणि दिसतही नाही. परिणामी झरोके बुजवले गेले, फटी लिंपल्या गेल्या आणि बाष्प वर जाऊन माळ्यावर अडकले.

हा अनुभव कोकणापुरता मर्यादित नाही. इ.स. १९७३ च्या तेलसंकटानंतर ब्रिटनमध्ये घराची ऊब वाचवण्यासाठी माळ्याच्या तळावर उष्णतारोधक थर घालण्यास प्रोत्साहन देण्यात आले आणि इ.स. १९७८ मध्ये त्यासाठी अनुदान देणारा कायदाही झाला. त्यामुळे खालच्या खोल्या उबदार राहिल्या, पण माळा पूर्वीपेक्षा थंड झाला आणि खालून झिरपणारे बाष्प छपराच्या आतल्या अंगाला जमू लागले. घरांतील बाष्प-संघनन आटोक्यात ठेवण्याविषयीचे ब्रिटिश मानक इ.स. १९७५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले होते. छपराच्या कडेला वायुवीजनासाठी सलग फट ठेवणे हा पुढे तेथील बांधकामाचा नियम बनला. हवामान भिन्न, साहित्य भिन्न, पण चूक एकच होती. घराचा एक अवयव बदलताना त्यावर अवलंबून असलेल्या हवेच्या वाटेचा विचार झाला नाही.

७. बंद घर :
कोकणाच्या बाबतीत आणखी एक घटक महत्त्वाचा आहे, तो म्हणजे स्थलांतर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या गिरण्यांनी कोकणातील मनुष्यबळ ओढून घेतले. प्रारंभी पुरुष जात आणि बायका-मुले गावी राहत, त्यामुळे चूल पेटत राही. पुढे कुटुंबेच मुंबईस स्थिरावली आणि इ.स. १९८२ च्या गिरणी संपानंतरही त्यातील अनेक कुटुंबे गावी परतली नाहीत. घर मागे राहिले, पण कुलूपबंद. चाकरमानी गणपतीला येतो तेव्हा भाद्रपद उजाडलेला असतो आणि पावसाळ्याचे जवळजवळ तीन महिने उलटलेले असतात. या तीन महिन्यांत दार उघडलेले नसते, चूल पेटलेली नसते, कोणी केरही काढलेला नसतो. माणसाचा वावर हाच घराचा सर्वांत जुना वायुवीजनाचा उपाय होता. तो गेल्यावर कौलांचे घरही ओलीपुढे टिकत नाही.

८. कागद माळ्यावर कसे गेले :
येथे एक प्रश्न उद्भवतो. कागदपत्रे इतकी मोलाची होती, तर ती माळ्यावर का ठेवली गेली? याचे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यातील दोन घटनांत सापडते, असे वाटते.

पहिली घटना जमीनव्यवस्थेतील होय. कोकणात खोती पद्धत होती. खोताच्या घरी वसुलीचे हिशेब, कबुलायती, कर्जखते, वाटणीपत्रे आणि निवाडे यांचे दप्तर असे. हे दप्तर म्हणजे त्याच्या हक्काचा आधार असल्याने ते माजघरातील पेटीत, कुलपात आणि मालकाच्या नजरेखाली असे. या व्यवस्थेविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली इ.स. १९३३ पासून शेतकऱ्यांचा दीर्घ संप झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इ.स. १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर इ.स. १९४८ चा कूळकायदा आणि इ.स. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला. हा न्याय आवश्यकच होता. परंतु त्याबरोबर जुन्या दप्तराचे व्यावहारिक मूल्य संपले.

दुसरी घटना लिपीतील होय. इ.स. १९५० च्या सुमारास मोडी लिपी शासकीय व्यवहारातून आणि पुढे शाळांतून मागे पडली. एका पिढीनंतर घरातील कागद घरातल्यांनाच वाचता येईनात. जो कागद उपयोगाचा नाही आणि वाचताही येत नाही, तो फेकवत नसला तरी हाताशी ठेवावासाही वाटत नाही. तो वर जातो. अशा रीतीने दप्तरे माळ्यावर गेली आणि त्यानंतरच्या दशकांत तोच माळा दमट होत गेला. या दोन प्रवाहांची गाठ पडणे हीच या इतिहासातील खरी हानी होय.

ही हानी केवळ खोत घराण्यांची नाही, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. कुळाच्या झोपडीत दप्तर नव्हते. त्याने किती भात घातले, कोणत्या वर्षी सूट मागितली, कोणाच्या लग्नासाठी कर्ज काढले, वेठीस कोण गेले, याची जी काही नोंद झाली ती बहुतांशी खोताच्या कागदात झाली. ती नोंद लिहिणारा हात सत्ताधाऱ्याचा होता, म्हणून ती सावधपणे वाचावी लागते. परंतु ती नष्ट झाली तर कुळाचे नावही जाते. ज्यांच्या घराला माळाच नव्हता, त्यांचा इतिहासही दुसऱ्याच्या माळ्यावर भिजत आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड इ.स. १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि इ.स. १९१० मध्ये पुणे येथे भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली इ.स. १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्या पिढ्यांचा भर स्वाभाविकपणे राजकीय पत्रव्यवहारावर होता. सामान्य घरातील हिशेबाचे कागद मागे राहिले. आज सामाजिक व आर्थिक इतिहासासाठी आपल्याला तेच हवे आहेत.

९. ओलीने कागदाचे काय होते :
जुना देशी कागद हाताने बनवलेला असे. शाई पसरू नये म्हणून त्यास खळ देऊन तो घोटला जाई. काळी शाई काजळी आणि डिंक यांपासून तयार होई. काजळी शेकडो वर्षे टिकते, उजेडाने फिकी पडत नाही. तथापि डिंक पाण्यात विरघळतो आणि खळ हे बुरशी व कसर यांचे खाद्य असते. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांहून अधिक राहिली की बुरशी वाढू लागते. डिंक मऊ होऊन पाने एकमेकांस चिकटतात आणि वाळल्यावर त्यांची वीट बनते. ती जबरीने सोडवल्यास अक्षरे समोरच्या पानावर उमटतात. कोरड्या जागी दोन शतके टिकणारा कागद अशा रीतीने मोजक्या पावसाळ्यांत निकामी होऊ शकतो.

१०. उपाययोजना :
वरील विवेचनावरून काही उपाय सुचतात. ते खर्चिक नाहीत.
(१) पत्र्याच्या छपराखाली वळचणीपाशी आणि आढ्यापाशी हवेसाठी सलग वाट ठेवावी. पक्षी व उंदीर येऊ नयेत म्हणून तिला जाळी लावावी. केवळ एका बाजूची खिडकी पुरेशी नसते, कारण हवा आत येण्याइतकीच ती वरून बाहेर जाणेही आवश्यक असते.
(२) पत्र्याखाली फळ्यांचे अस्तर दिल्यास थेंब थेट सामानावर पडत नाहीत. मात्र पत्रा आणि अस्तर यांमध्येही हवा खेळती राहिली पाहिजे.
(३) स्वयंपाकघरातील वाफ पंख्याने किंवा झरोक्याने घराबाहेर काढावी. ती माळ्यावर सोडणे म्हणजे ओल स्वहस्ते वर नेणे होय.
(४) माळ्यावरील पेट्या भिंतीपासून वीतभर दूर आणि फळीवर उचलून ठेवाव्यात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नयेत, कारण आत राहिलेला दमटपणा तेथेच कोंडला जातो. स्वच्छ सुती कापडाचा रुमाल हाच आजही योग्य होय.
(५) ओले झालेले कागद कडक उन्हात टाकू नयेत किंवा ओढून सोडवू नयेत. सावलीत, वाऱ्याच्या जागी, टिपकागद घालून वाळवावेत. चिकटलेला गठ्ठा तज्ज्ञाच्या हाती द्यावा. बुरशी झटकताना नाकातोंडावर फडके बांधावे.
(६) सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कागद माळ्यावरून खाली आणावेत. त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि शक्य असल्यास मूळ दप्तर पुराभिलेखागार किंवा इतिहास संशोधन संस्थेकडे सोपवावे. हस्तलिखितांच्या नोंदणीसाठी इ.स. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशनची स्थापना झाली. परंतु ग्रंथरूप हस्तलिखितांइतके लक्ष घरगुती हिशेबांच्या कागदांकडे जात नाही.

येथे महाविद्यालयांची जबाबदारी येते. इतिहास विभागातील विद्यार्थी बहुधा आसपासच्या गावांतूनच येतात. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरचा माळा पाहून तेथील जुन्या कागदांची साधी यादी केली, तर त्यातून तालुक्याचे एक प्राथमिक साधन-सर्वेक्षण उभे राहील. त्यास मोडी वाचनाच्या लघु अभ्यासक्रमाची जोड द्यावी. मोडी वाचता येऊ लागली की कागद आपोआप माळ्यावरून खाली येतात, कारण ज्याचा अर्थ कळतो त्याची काळजी घेतली जाते.

११. निष्कर्ष :
(१) कोकणातील माळ्यावरील ओल ही केवळ पावसाच्या गळतीची समस्या नाही. छप्पर अधिक बंदिस्त होणे, चुलीची जागा गॅसने घेणे आणि घरे कुलूपबंद राहणे या तिन्हींच्या संयोगातून बाष्पाची बाहेर जाण्याची वाट बंद झाली.
(२) हे तिन्ही बदल त्या त्या वेळी योग्य कारणांसाठी झाले. धुराच्या चुलीकडे परत जाणे हा उपाय नाही आणि तसे सुचवणे स्त्रियांवर अन्याय करणारे होईल. धुरासाठी राखलेली वाट धूर गेल्यावरही मोकळी ठेवणे, एवढेच अपेक्षित आहे.
(३) खोती निर्मूलन आणि मोडीचा अस्त यांमुळे दप्तरे माळ्यावर गेली, त्याच अर्धशतकात माळा दमट झाला. या योगायोगाने कोकणच्या सामाजिक इतिहासाचे, विशेषतः कुळांच्या इतिहासाचे, कधीही भरून न निघणारे नुकसान झाले आहे आणि ते अद्याप थांबलेले नाही.

आजोळच्या त्या पेटीतील सर्वच कागद गेले नाहीत. तळाचा एक रुमाल बऱ्या स्थितीत मिळाला. त्यातील एका हिशेबात भात घालणाऱ्यांची नावे ओळीने लिहिलेली आहेत. त्या कुळांचे वंशज आजही त्याच गावात राहतात आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी त्या काळातील पूर्वजाचे नाव लिहिलेला दुसरा कागद नाही. वरचा रुमाल वाचला असता तर आणखी किती नावे मिळाली असती, हे आता कोणीही सांगू शकत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या घरचा माळा एकदा चढून पाहावा, एवढीच या लेखाच्या वाचकांना नम्र विनंती आहे.